मिश्र वस्तीतील शेजारधर्म : धारावीचे उदाहरण

धारावीचे नाव काढले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे पत्र्याची घरे, गटारे आणि अरुंद बोळ उभे राहतात. आम्ही याच भागात वाढलेली माणसे आहोत. ती गटारे ओलांडूनच आम्ही शाळेत गेलो. परंतु निरनिराळ्या प्रांतांची, भाषांची व धर्मांची माणसे येथे भिंतीला भिंत लावून कशी राहतात, हेही पाहण्यासारखे आहे. समाजबांधवांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी ते समजून घ्यावे, यासाठी हा लेखप्रपंच.

माहीम आणि शीव यांच्या मधला, पश्चिम व मध्य रेल्वेच्या रुळांत सापडलेला हा भूभाग. मूळ वस्ती कोळी बांधवांची. त्यांचा कोळीवाडा आजही आहे. मुंबई वाढत गेली तसे शहराला नकोसे झालेले धंदे त्याच्या टोकाला ढकलले गेले, आणि त्या काळी ते टोक म्हणजे धारावी. सौराष्ट्रातून आलेले कुंभार जागा बदलत बदलत येथे स्थिरावले, तोच आजचा कुंभारवाडा. कातडी कमावण्याच्या धंद्यामुळे तामिळनाडूच्या तिरुनेलवेली भागातून माणसे आली, देशावरून ढोर व चर्मकार समाज आला. संत कक्कय्या मार्ग हे रस्त्याचे नावच त्याची साक्ष देते. येथील बडी मशीद १८८७ सालची, तर तामिळ बांधवांचे गणेश मंदिर १९१३ सालचे. शेजारच्या माटुंगा लेबर कॅम्पात अण्णा भाऊ साठे राहत होते, हे येथे आवर्जून नमूद करावेसे वाटते. पुढे उत्तर प्रदेश व बिहारमधून शिलाईचे, जरीकामाचे कारागीर आले.

एवढी भिन्न माणसे एकत्र नांदतात ती कशाच्या बळावर? केवळ मनाच्या मोठेपणावर म्हणावे, तर ते खरे होणार नाही. पहिले कारण कामाची साखळी. एका चामडी पाकिटाचे उदाहरण घ्या. कातडे एकाने आणावे, दुसऱ्याने कापावे, तिसऱ्याने शिवावे, चौथ्याने दुकानात मांडावे. आणि या चौघांच्या मातृभाषा अनेकदा वेगवेगळ्या असतात. १९७१ साली वांद्र्याचा कत्तलखाना देवनारला गेला आणि पुढे येथील बहुतेक टॅनऱ्या बंद पडल्या, तरी चामडी वस्तूंचा धंदा टिकला तो या साखळीमुळेच. कुंभारवाड्यात घडलेल्या पणत्या दिवाळीला साऱ्या मुंबईत जातात, आणि पहाटे येथल्या तामिळ घरांत वाफवलेल्या इडल्या डोक्यावरच्या पातेल्यातून दूरदूरच्या गल्ल्यांत पोहोचतात. ज्याच्यावाचून आपले काम अडते, त्याच्याशी बोलावेच लागते.

दुसरे कारण नळ आणि संडास. पाणी ठराविक वेळेलाच येते, संडास सर्वांचा मिळून असतो. आईला कामावर जाण्याची घाई झाली की शेजारची तामिळ अक्का आमचा हंडा रांगेत पुढे सरकवून ठेवी, आणि तिच्या घरी कोणी आजारी पडले की आमची आई तिच्या मुलांना जेवू घाली. भांडणेही याच रांगेत झाली, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. परंतु उद्या पहाटे पुन्हा त्याच माणसासमोर उभे राहायचे आहे, ही जाणीव भांडणाला वेसण घाली. हिंदी, मराठी, तामिळ अशी सरमिसळ झालेली बोली मुले येथेच शिकली.

तथापि विद्यार्थी मित्रहो, जवळ राहिल्याने बंधुता आपोआप निर्माण होत नाही. धारावीतही जातवार, प्रांतवार नगरे आहेत. कामाच्या ठिकाणी एकत्र असलेली माणसे सोयरिकीच्या वेळी वेगळी होतात. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ च्या दंगलीत मुंबईत सुमारे ९०० माणसे मारली गेली. धारावीही त्यात होरपळली. वर्षानुवर्षांचा शेजार काही तासांत परका झाला. कामाची साखळी आणि नळाची रांग अफवेला थोपवू शकली नाही.

त्यानंतर जे घडले ते अधिक शिकण्यासारखे आहे. मुंबईत मोहल्ला समित्या स्थापन झाल्या. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान या दोन मित्रांनी हे काम अंगावर घेतले. वकार खान यांनी चार धर्मांच्या वेशातील लहान मुलांचे ‘हम सब एक हैं’ हे पोस्टर काढले. या दोघांच्या कार्यावर २००३ साली ‘नाता’ हा माहितीपट निघाला. समितीची पद्धत साधी. अफवा उठली की दोन्ही बाजूंच्या जाणत्यांनी एकमेकांना गाठून खातरजमा करायची, मिरवणुकीच्या आधी एकत्र बसायचे, पोलिसांशी ओळख ठेवायची. हे काम शांततेच्या दिवसांत करायचे असते. दंगल पेटल्यावर ओळख करून घेता येत नाही.

आज प्रश्न निराळा आहे. पुनर्विकासाच्या निविदेत २०२२ साली खासगी समूहाची निवड झाली व २०२३ साली राज्य शासनाने तिला मंजुरी दिली. १ जानेवारी २००० पूर्वीच्या तळमजल्यावरील पात्र रहिवाशांना धारावीतच घर, तर नंतर आलेल्यांना व वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांना धारावीबाहेर, अशी योजना आहे. पक्के घर, घरात नळ व संडास कोणाला नको? आमच्या आयाबहिणींनी पहाटेच्या रांगांत आयुष्ये घालवली, त्यांना ते मिळालेच पाहिजे. परंतु तळमजल्यावरचा कारखानदार येथे आणि माळ्यावरचा कारागीर दूर गेला तर साखळी तुटेल. कुंभाराची भट्टी सातव्या मजल्यावर पेटणार नाही. म्हणून घराइतकाच कामाच्या जागेचा आणि शेजाराचा प्रश्नही बैठकांतून मांडला पाहिजे.

आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत स्वातंत्र्य व समता यांच्यासोबत बंधुता आहे. पहिल्या दोहोंसाठी न्यायालयात दाद मागता येते. बंधुता मात्र जिन्यात, गल्लीत आणि नळावर आपणच राखायची असते. विद्यार्थ्यांनी शेजाऱ्याच्या भाषेतील चार शब्द शिकावेत, भीमजयंतीचे निमंत्रण त्याच्या दारी स्वतः जाऊन द्यावे, आणि त्याच्या सणाला, त्याच्या दुःखाला न बोलावता जावे. नव्या इमारतीत नळाची रांग नसेल. तेव्हा शेजाऱ्याचे दार आपणच ठोठावावे लागेल.