पितळी डब्यातली चिल्लर

यवतमाळच्या आमच्या घरी देवघराशेजारच्या पितळी डब्यात परदेशी नाणी साठली आहेत. लेक डब्लिनला असते. तिच्याकडून परतताना दरवेळी पर्समध्ये युरोची चिल्लर उरते. नागपुरात नोटा बदलून मिळाल्या, नाणी कुणी घेईना. कायद्याची आडकाठी नाही. नोटांवर २,००० डॉलरची मर्यादा आहे, परदेशी नाणी मात्र कितीही बाळगता येतात. पण ती मोजून, निवडून त्या-त्या देशात परत धाडण्याचा खर्चच नाण्यांहून जड होतो.

हे ओझं युनिसेफ उचलते. ‘चेंज फॉर गुड’ ही तिची योजना १९८७ पासून चालू आहे. आयर्लंडची विमानकंपनी एअर लिंगस त्यात १९९७ साली आली. योजनेतल्या कंपनीच्या विमानात लिफाफा मिळतो, त्यात कुठल्याही देशाची नाणी-नोटा टाकायच्या. पैसा मुलांच्या लसी, पाणी, शाळा यांवर खर्च होतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. कापूस वेचणीच्या दिवसांत वर्ग अर्धे रिकामे व्हायचे. ती रिकामी बाकं आठवली, की डब्यातली नाणी तशीच पडून राहणं मला सहन होत नाही.

तुमच्याकडेही असतील. परदेशी निघालेल्या कुणाच्या तरी हाती द्या, आणि लिफाफा मागून घ्यायला सांगा.