सुवर्णरेखेच्या काठचे दोन शोध

'सोने सापडले का हो?' गावी गेलो की हा प्रश्न ठरलेला. भूवैज्ञानिक म्हणून सर्वेक्षणात माझी बरीच वर्षे गेली. लोकांना वाटते, हा नशिबाचा खेळ आहे. खरे तर त्यात चालणे फार, आणि वहीत 'येथे काही नाही' असे लिहिणे त्याहून जास्त!

झारखंडमधल्या सिंहभूमचे उदाहरण घेऊ. जमशेदपूरच्या आसपास सालाची जंगले, टेकड्या आणि संथाळ, हो या आदिवासींची गावे आहेत. जमिनीखाली सुमारे दोनशे किलोमीटरचा कमानीसारखा एक पट्टा आहे. अतिप्राचीन काळी प्रचंड दाबाने इथले खडक एकमेकांवर घासले, चिरडले गेले. त्या चिरांमधून उष्ण पाणी फिरले आणि त्यात विरघळलेले तांबे, युरेनियम वाटेत साचत गेले. आसपासच्या टेकड्यांत थोडे सोनेही आहे.

सोन्याचा माग नदी सांगते. तिथल्या नदीचे नावच सुवर्णरेखा! सोने पाण्याच्या एकोणीसपट जड. परातीत वाळू आणि पाणी घेऊन गोल हलवले की हलकी वाळू वाहून जाते आणि तळाशी काळी, जड रेती उरते. त्यात क्वचित पिवळा कण चमकतो. असे नमुने घेत प्रवाहाच्या उलट दिशेने चालायचे. कण दिसेनासे झाले की थोडे मागे येऊन काठावरच्या टेकड्या तपासायच्या. आम्ही हे पुस्तकात शिकलो. नदीकाठची कुटुंबे पिढ्यान् पिढ्या लाकडी परात घेऊन हेच करत आली आहेत.

युरेनियमचे तसे नाही. ते डोळ्यांना सहसा कळत नाही. त्यासाठी किरणोत्सार मोजणारे यंत्र खांद्याला लावून ठरावीक अंतरावर नोंदी घ्यायच्या. आकडा वाढला म्हणून हुरळून जायचे नाही. थोरियममुळेही तो वाढतो. उलट अर्धा-पाऊण मीटर मातीचा थर असला, तर खालचे युरेनियम यंत्राला जवळजवळ दिसतच नाही. म्हणून शेवटी बोअर घेऊन खोलवरच्या खडकाच्या कांड्या बाहेर काढाव्या लागतात.

अशाच शोधातून 1951 मध्ये जादुगोड्याचा साठा सापडला आणि 1967 मध्ये तिथे देशातली पहिली युरेनियम खाण सुरू झाली. पण साठा म्हणजे किती? तिथल्या एक टन खडकात जेमतेम अर्धा किलोच्या आसपास युरेनियम! सोन्याच्या खाणीत तर टनामागे तीन-चार ग्रॅम मिळाले तरी काम चालते. म्हणजे उरलेला जवळजवळ सगळा टन दळून तिथेच ठेवायचा.

खरी मेख इथे आहे. युरेनियमच्या खडकातून युरेनियम काढून घेतले, तरी मूळच्या किरणोत्साराचा मोठा भाग मागच्या गाळात राहतो. त्यातल्या रेडियमचे अर्धायुष्यच सोळाशे वर्षांचे असते. म्हणून त्या गाळाचे तलाव बांधून, राखून ठेवावे लागतात. ते कुणाच्या तरी गावाशेजारीच असतात.

एकदा नदीवर वाळू धुणारी एक म्हातारी माझे यंत्र बघत बसली होती. तिने विचारले, "बाबू, माझ्या परातीत काय आलं ते तुला दिसतं. तुझ्या डब्यात काय दिसलं, ते मला कधी सांगणार?"

"दीदी, अजून तपासायचंय," असे म्हणून मी वेळ मारून नेली. ते खोटे नव्हते, पण उत्तरही नव्हते. आमचे अहवाल इंग्रजीत लिहिले जात आणि दूरच्या कचेरीत जात. त्या गावाच्या भाषेत, गावात बसून मी एकही अहवाल समजावून सांगितला नाही.

देशाला वीज हवी, त्यासाठी युरेनियम हवे, हे मला मान्य आहे. पण साठा सापडला की पहिली बातमी कुणाला द्यायची, हेही शोधाच्या कामातच मोडते. जमिनीखाली काय आहे, हे जमिनीवर राहणाऱ्याला आधी कळले पाहिजे. मला ते उशिरा उमगले. नव्या मुलांनी यंत्र खांद्याला लावण्याआधी ते शिकून घ्यावे.