आठवणे हाच अभ्यास

परीक्षेच्या आदल्या रात्री आम्ही विद्यार्थी तोच धडा तिसऱ्यांदा, चौथ्यांदा वाचून काढतो. परिचित ओळी डोळ्यांपुढून सरसर जातात आणि मनास वाटते, 'आता सारे आले!' परंतु प्रश्नपत्रिका हाती पडताच तेच उत्तर जिभेवर येऊन अडते. मग आम्ही स्वतःस मठ्ठ ठरवून मोकळे होतो. पण दोष खरोखर बुद्धीचा, की अभ्यासाच्या रीतीचा?

जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस याने विस्मरणाचा शोध घेण्यासाठी स्वतःवरच प्रयोग केले. पूर्वज्ञानाचे साह्य होऊ नये म्हणून त्याने निरर्थक अक्षरांच्या माला रचून पाठ केल्या; आणि काही काळाने त्या पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात, हे मोजले. त्याचा ग्रंथ १८८५ साली प्रसिद्ध झाला. एका तासाने ही बचत निम्म्याहून कमी, एका दिवसाने सुमारे एक तृतीयांश आणि एका महिन्याने सुमारे एक पंचमांश उरे. म्हणजे विसरण्याचा वेग प्रारंभीच सर्वांत अधिक असतो. त्यास आणखी एक गोष्ट आढळली. एका दिवसात ६८ आवर्तने करून जे साधले, तेच तीन दिवसांत वाटलेल्या ३८ आवर्तनांनी साधले! एका रात्रीच्या जागरणापेक्षा रोजचा थोडा अभ्यास श्रेष्ठ, हे वडीलधाऱ्यांचे सांगणे असे आकड्यांनी सिद्ध झाले.

पुढे २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकन संशोधकांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस काही उतारे वाचावयास दिले. त्यांतील काही उतारे विद्यार्थ्यांनी पुन्हा वाचले. काही मात्र पुन्हा न पाहता, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा पुन्हा वाचलेलेच अधिक आठवले. परंतु एका आठवड्याने पारडे फिरले: पुन्हा वाचलेल्यापैकी शेकडा ४२, तर आठवून लिहिलेल्यापैकी शेकडा ५६ भाग ध्यानात राहिला होता.

याचे कारण असे की, ओळखणे वेगळे आणि आठवणे वेगळे. पुस्तक समोर असता आपण केवळ ओळखतो. आणि परीक्षेत तर आठवावे लागते. ज्या वाटेने पुन्हा पुन्हा जावे, ती पायवाट रुळते. तद्वत् प्रयत्नपूर्वक आठवलेली गोष्ट पुढे सहज सापडते.

आमच्या घरांतून पूर्वी तिन्हीसांजेस परवचा म्हणण्याची चाल होती. पाढे, तिथी, नक्षत्रे ही सारी पुस्तकावाचून, रोज. आठवणे आणि आवर्तने वाटून घेणे, ही दोन्ही तत्त्वे तीत नकळत साधली जात. मात्र अर्थ न जाणता म्हटलेला परवचा म्हणजे 'घोका आणि ओका'च. म्हणून आधी समजून घ्यावे, मग आठवावे.

आम्हांस सुचते ते इतकेच. धडा वाचून झाला की पुस्तक मिटावे, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे आणि मग पुस्तक उघडून चुका सुधाराव्यात. दुसऱ्या दिवशी, नंतर आठवड्याने, पुन्हा तसेच करावे. गुरुजनांनीही तासाच्या आरंभी मागील धड्यावर दोन-तीन प्रश्न, गुणांचा धाक न घालता, विचारावेत. आठवताना अडखळणे ही मठ्ठपणाची खूण नव्हे. ज्ञान पक्के होण्याचा तोच क्षण होय.