मानखुर्द ते कान्हेरी: स्तूपासमोरचा एक दिवस

सकाळी सहा. मानखुर्द स्टेशनच्या तिकीट खिडकीपाशी नववीची मुलं जमतात. हार्बरनं कुर्ला, मग दादर, तिथून बोरिवली लोकल. गाडीत मी काही शिकवत नाही.

साडेनऊ. कान्हेरी. डोंगरात शंभरावर लेणी आहेत, पण आधी तिसरं. व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना बुद्धांच्या सुमारे सात मीटर उंचीच्या उभ्या मूर्ती. आतलं चैत्यगृह त्यांच्याहून जुनं, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातलं, यज्ञश्री सातकर्णीच्या काळचं.

दहा. इथे घाई करायची नाही. डोळे काळोखाला सरावले की टोकाचा स्तूप दिसू लागतो: खाली गोल पीठ, वर अंड, त्यावर हर्मिका.

"सर, आत काय ठेवलंय?"

आत काही नाही. भोवतीचा डोंगर कोरून काढला आणि एवढा दगड जागेवर राखला. छतावर खुणा आहेत, त्या लाकडी कमानींच्या. कार्ल्याला तशा कमानी आजही शाबूत आहेत. खांब चौतीस. काहींना तळाशी घट, माथ्यावर हत्ती. बाकीचे नुसते अष्टकोनी. एकीचे वडील लादीकाम करतात. खांबावरून हात फिरवत ती म्हणाली, "सर, काम अर्धवट राहिलंय." अगदी बरोबर. इथल्या शिलालेखात दान देणारे व्यापारी भाऊ गजसेन आणि गजमित्र आहेत, तसे पाथरवट आणि घोटाई करणारेही आहेत. मुलांनी बाकी सगळं विसरलं तरी चालेल, हे लक्षात ठेवावं.

बारा. डबे. कातळात खोदलेल्या पाण्याच्या पोढ्या बघून होतात.

दोन. निर्वाणवीथी. इथे थेरांच्या स्मरणार्थ बांधलेल्या विटांच्या स्तूपांचे अवशेष आहेत. त्यांवरचे लेख डॉ. शोभना गोखले यांनी १९७०च्या दशकात उजेडात आणले.

चार. परतीची बस.

रात्री नऊ. सकाळच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर राहिलंय, म्हणून उद्याचा तास सोपाऱ्याचा. तिथला स्तूप विटांचा, बांधलेला. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तो उघडला, तेव्हा आत दगडी पेटी निघाली. तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुलं, भिक्षापात्राचे तुकडे आणि मैत्रेयासह आठ बुद्धांच्या कांस्यमूर्ती. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. फळ्यावर दोन्ही स्तूपांचे उभे छेद शेजारी शेजारी काढायचे: एक भरीव, दुसऱ्याच्या पोटात पेटी.