मशीन लावूनही सकाळी घसा कोरडा? माळ्यावर टाकण्याआधी हे वाचा



वर्षावासात आमच्या दीपनगर भागातल्या विहारात दुपारी ग्रंथवाचन असतं. वाचन संपलं की उपासिका पाच-दहा मिनिटं रेंगाळतात आणि माझी ओपीडी सुरू होते. कुणाचा गुडघा, कुणाची साखर, कुणाच्या सुनेचं हिमोग्लोबिन. गेल्या वर्षी एक वहिनी सगळ्या जाईपर्यंत थांबली आणि हळूच म्हणाली, "ताई, यांची झोपेची मशीन आम्ही माळ्यावर टाकली. तुम्ही रागावू नका."

तिचा नवरा ठेकेदाराकडे राखेच्या बल्करवर ड्रायव्हर. घोरणं इतकं, की शेजारचे भिंत वाजवायचे. मध्येच घोरणं थांबायचं, श्वासच बंद, आणि मग बुडता माणूस वर येतो तसा दचकून श्वास घ्यायचा. दिवसा स्टिअरिंगवर डुलक्या. तपासणी झाली, स्लीप ॲप्निया निघाला, तोही तीव्र. बचतगटातून कर्ज काढून सीपॅप मशीन आणली. तीन आठवड्यांत ती माळ्यावर गेली. कारण एकच, रात्री तोंड उघडं पडतं. सकाळी जीभ लाकडासारखी, घसा सोललेला, आणि रात्रभर ओठांतून फुर्र फुर्र आवाज, त्यानं पोरं उठतात. मशीन देणारा म्हणाला होता, "तोंड मिटून झोपायचं." झोपलेल्या माणसानं तोंड कसं मिटायचं, ते मात्र सांगितलं नाही.

मग वहिनीनं एका रात्री ओढणीनं नवऱ्याची हनुवटी वर ओढून डोक्यावर गाठ मारली. सासूबाई पाणी प्यायला उठल्या, त्यांनी ते पाहिलं आणि हंबरडा फोडला. "माझ्या लेकाला जित्तेपणी असं बांधू नको गं!" मी नर्स आहे, मला लगेच कळलं. वॉर्डात कुणी गेलं की आम्हीच त्याची हनुवटी पट्टीनं बांधतो, तोंड उघडं राहू नये म्हणून. त्या माउलीनं नवऱ्याला तसं बांधलेलं पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी मशीन माळ्यावर.

मी तिच्यावर रागावले नाही. रागवायचा अधिकारही मला नाही. जीएनएम करून मी अकरा वर्षं वॉर्डात काढली, आणि रात्रपाळीला घोरणाऱ्या पेशंटवर आम्ही पोरी हसायचो. त्यातल्या कुणाचा श्वास मध्येच थांबतोय का, हे मोजायला मी कधी घड्याळ हातात घेतलं नाही. १५ फेब्रुवारी २०२२ ला मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी गेले आणि डॉक्टरांनी झोपेत श्वास अडकण्याच्या या आजाराचं नाव घेतलं, तेव्हा वस्तीत पहिल्यांदा लोक मला विचारू लागले, ताई, घोरण्यानं माणूस मरतो का?

साधं घोरणं वेगळं. ॲप्नियात झोपेत घशाचा मऊ भाग सैल पडून वाट बंद होते आणि श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त थांबतो किंवा खूप कमी होतो. तासाला असं किती वेळा होतं तो आकडा तपासणीच्या कागदावर असतो. ५ ते १५ म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. रक्तातला ऑक्सिजन खाली जातो, हृदयावर ताण येतो, बीपी गोळ्यांनाही ऐकत नाही, आणि झोप मोडत राहिल्यामुळे माणूस दिवसा गाडी चालवताना झोपतो. बल्करवाला झोपला तर तो एकटा मरत नाही.

सीपॅप म्हणजे हवेच्या दाबानं घशाची वाट उघडी ठेवणारा छोटा पंखा. ऑस्ट्रेलियात सिडनीचे डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी १९८० मध्ये व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरून पहिला प्रयोग केला आणि १९८१ मध्ये तो जगापुढे मांडला. ही मशीन ऑक्सिजन देत नाही, औषध देत नाही, तिची सवयही लागत नाही. कागदावर दाब १० लिहिला असेल तर घाबरू नका. ग्लासात दहा सेंटिमीटर पाणी घ्या, नळी तळापर्यंत बुडवून फुंका. बुडबुडा निघायला जेवढा जोर लागतो, तेवढाच तो दाब. घरच्या मशीन साधारण ४ ते २० पर्यंत दाब देतात.

आता तोंडाचं. नाकाचा मास्क हवा नाकातून आत ढकलतो. तोंड उघडलं की ती हवा घशात थांबण्याऐवजी सोप्या वाटेनं तोंडातून बाहेर पडते. ट्यूबला भोक असताना आपण पंप मारत राहावं, तसं. घशातला दाब पडतो, वाट पुन्हा मिटते, मशीन चालू असूनही श्वास अडकतो. शिवाय नाकातून सारखी एकाच दिशेनं हवा वाहत राहिल्यानं नाकाच्या आतलं अस्तर थंड आणि कोरडं पडतं, मग ते सुजतं. नाक सुजलं की तोंड आणखी उघडतं. म्हणून पहिल्या आठवड्यात थोडा असलेला त्रास तिसऱ्या आठवड्यात असह्य होतो. लोकांना वाटतं मशीन मानवली नाही, आणि काही जण स्वतःला दोष देतात. झोपेत तोंड उघडणं हा कुणाचा गुन्हा नाही.

माझं म्हणणं असं की आधी नाक बघा, तोंडाचं नंतर. तोंड बहुतेक वेळा नाक बंद आहे म्हणूनच उघडतं. नाकाचं हाड वाकडं आहे का, आत मांस वाढलंय का, ॲलर्जीची सूज आहे का, हे कान-नाक-घसा विभागात दोन मिनिटांत दिसतं. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा धुळ्याच्या हिरे महाविद्यालयात केसपेपर काढा, आणि मशीन, मास्क, कागद सगळं पिशवीत घालून सोबत न्या. मास्क घालून दाखवल्याशिवाय डॉक्टरांनाही कळत नाही.

राखेच्या, खडीच्या, कापसाच्या धुळीत काम करणाऱ्यानं घरी आल्यावर मिठाच्या पाण्यानं नाक धुवावं. पाव लिटर पाण्यात अर्धा लहान चमचा मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. पाणी मात्र खळखळ उकळून गार केलेलंच हवं. कच्च्या पाण्यात क्वचित एक अमिबा असतो, तो नाकातून मेंदूत जातो. केरळात त्यानं माणसं गेली आहेत. झोपायच्या खोलीत मच्छर अगरबत्ती लावू नका, मच्छरदाणी लावा. आणि मेडिकलवरून आणलेले नाक मोकळं करणारे थेंब! ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिन अशी नावं बाटलीवर बघा. तीन-चार दिवसांपेक्षा जास्त घातले तर नाक त्यांच्याशिवाय उघडेनासं होतं. आमच्या गल्लीत दोन-दोन वर्षं रोज ते घालणारे आहेत. ॲलर्जीच्या सुजेवर डॉक्टर वेगळा स्प्रे देतात, तो आठवडाभर नियमित मारल्यावर गुण दिसतो, म्हणून दोन दिवसांत सोडू नका.

दुसरी गोष्ट ओलावा. बऱ्याच मशीनला पाण्याचं छोटं भांडं असतं, हवा कोमट आणि दमट करण्यासाठी. अनेक घरांत ते कोरडंच असतं, कारण कुणी सांगितलेलं नसतं. खानदेशातल्या उन्हाळ्यात कोरडी हवा नाकात मारली तर काय होणार? त्यात डिस्टिल्ड वॉटर घाला, मेडिकलवर मिळतं. बोअरचं पाणी घातलं तर आठ दिवसांत पांढरा खर बसतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी घालू नका, ते श्वासासाठी नसतं. रोज सकाळी उरलेलं पाणी ओतून भांडं धुवून वाळवा.

एवढं करूनही तोंड उघडत असेल तर दोन कारणं उरतात. एक, मशीनचा दाब. जास्त असेल तर हवा ओठ फोडून निघते, कमी असेल तर श्वास अडकतच राहतो आणि माणूस तोंडानं हवा ओढतो. म्हणून तो डॉक्टरांनीच मशीनमधली नोंद बघून बदलायचा, भाच्यानं मोबाईलवर बघून नाही. दुसरं, जबडाच सैल पडतो. दारू घेणाऱ्याचा तर पडतोच, आणि घसाही जास्त सैल होतो. उताणं न झोपता कुशीवर झोपावं, पाठीमागे गोधडीची गुंडाळी ठेवावी.

जबड्यासाठी हनुवटीचा पट्टा मिळतो. काहींना उपयोग होतो, काहींचे ओठ तरीही फुरफुरतात. नाक मोकळं असेल तरच तो वापरा. त्यापेक्षा नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क, ज्याला फुल फेस म्हणतात, तोंडानं श्वास घेणाऱ्याला बहुधा सोपा जातो. पण तो मापाचा हवा आणि आवळून बांधू नये. जास्त आवळला तर जबडा मागे ढकलला जातो आणि घशाची वाट आणखी अरुंद होते. वाढलेल्या मिशा-दाढीतूनही हवा गळते. मिशीबद्दल मी कुणाला आग्रह करत नाही, फक्त सांगते.

ओठांवर चिकटपट्टी लावायचं फॅड मोबाईलमुळे वस्तीतही आलंय. ते करू नका. रात्री उलटी झाली, सर्दीनं नाक बंद झालं, तर माणूस गुदमरेल. आणि लाईट? आपल्या दारात ५०० मेगावॅटचे दोन संच, शेजारी ६६० चा आणखी एक उभा राहिला, तरी वस्तीत पहिलं वादळ सुटलं की अंधार. लाईट गेली की मशीन बंद. नाकाचा मास्क असेल तर माणूस आपोआप तोंड उघडून श्वास घेतो. फुल फेस मास्कला त्यासाठीच एक झडप असते, हवा थांबली की ती उघडते. ती स्वच्छ ठेवा, जुनी झडप चिकटत नाही ना ते बघा. पण ओठ चिकटवलेले असले तर उघडायला काहीच उरत नाही.

त्या ड्रायव्हर भावाला आम्ही जळगावला नेलं. नाकाचं हाड थोडं वाकडं आणि ॲलर्जीची भरपूर सूज निघाली. महिनाभर स्प्रे, रोज नाक धुणं, भांड्यात पाणी. फुरफुर निम्म्यावर आली, थांबली नाही. मग मास्क बदलला, पहिला मोठा पडला, दुसऱ्याचं माप बसलं. या सगळ्यात दोन महिने गेले, आणि तोवर डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यानं बल्कर चालवला नाही. ठेकेदाराकडे हेल्परचं काम केलं, पगार कमी घेतला. घरात त्यावरून भांडणं झाली, ती मी ऐकली आहेत.

आता तो रात्री पाच तास मशीन लावतो, पहाटे काढून टाकतो. पहाटेच्या झोपेत श्वास जास्त अडकू शकतो, म्हणून मी अजून मागे लागलेली आहे. सासूबाईंना नवा मास्क पसंत पडला. "विमानवाला दिसतो," म्हणाल्या.

जाता जाता, लहान मूल रोज तोंड उघडं टाकून झोपत असेल, घोरत असेल, वर्गात पेंगत असेल तर त्याला मशीनच्या आधी कान-नाक-घसा डॉक्टरला दाखवा. नाकामागची गाठ किंवा टॉन्सिल वाढलेले असतात, आणि त्यावर उपचार आहे. ज्यांच्या माळ्यावर मशीन आहे त्यांनी येत्या रविवारी विहारात घेऊन या, नळी आणि मास्कसकट. मी दुपारी तीननंतर असते.