नॉरफोक पाइन

नॉरफोक पाइन : ॲराउकॅरिएसी कुलातील सदाहरित सूचिपर्णी वृक्ष. शास्त्रीय नाव ॲराउकॅरिया हेटेरोफायला. ‘पाइन’ हे नाव रूढ झाले असले, तरी खऱ्या पाइनशी त्याचे नाते दूरचे आहे. कुंडीच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा ठरतो. चीड, जपानी काळा पाइन इ. खरे पाइन कुंडीत खुजे ठेवून वाढविता येतात. परंतु त्यांना उघड्यावरचे भरपूर ऊन लागते व घरात ते हळूहळू सुकतात. नॉरफोक पाइनची रोपे काहीशा कमी प्रकाशातही तग धरतात. त्यामुळे घरातील ‘पाइन’ म्हणजे बहुधा हीच वनस्पती असते.

हा वृक्ष मूळचा पॅसिफिक महासागरातील नॉरफोक बेटावरील (क्षेत्रफळ सु. ३५ चौ. किमी.) असून तेथे तो ५० मी. किंवा अधिक उंच वाढतो. जेम्स कुक १७७४ मध्ये या बेटावर उतरला, तेव्हा ही सरळसोट खोडे जहाजांच्या डोलकाठ्यांना उपयोगी पडतील, असे त्यास वाटले. १७८८ मध्ये ब्रिटिशांनी तेथे वसाहत केली, त्यामागे हाही एक हेतू होता. तथापि लाकूड त्या कामास पुरेसे चिवट निघाले नाही. पुढे एकोणिसाव्या शतकात यूरोपीय दिवाणखान्यांत मात्र या रोपांनी मानाचे स्थान मिळविले. जर्मन भाषेत त्यास ‘खोलीतील फर’ अशा अर्थाचे नाव आहे. मूळ बेटावर ही जाती आज असुरक्षित गणली जाते.

कोवळ्या झाडाची पाने मऊ, आत वळलेली व सु. १ सेंमी. लांब असतात, जून झाडावर ती खवल्यांसारखी होतात. जातिवाचक नाव या द्विविध पानांवरूनच पडले आहे. फांद्या खोडाभोवती चक्राकार, बहुधा चार ते सात, अशा मजल्यामजल्यांनी येतात व या प्रमाणबद्धतेतच रोपाची सारी शोभा आहे.

ही शोभा शेंड्यावर अवलंबून असते. आडव्या फांदीचे कलम लावल्यास त्यास मुळे फुटतात, पण ते वर्षानुवर्षे आडवेच वाढते. उभे रोप फक्त शेंड्याच्या कलमापासून किंवा बियांपासून मिळते. शेंडा मोडला की झाडाचा घाट कायमचा बिघडतो. म्हणून उंची कमी करण्यासाठी वरून छाटणी करू नये. खालच्या फांद्या एकदा गळल्या की त्या जागी पुन्हा येत नाहीत. अपुरा प्रकाश, कोरडी हवा किंवा कुंडी पूर्ण वाळू देणे, ही त्याची नेहमीची कारणे होत.

रोप पूर्वेच्या खिडकीजवळ ठेवावे व आठवड्यातून एकदा कुंडी पाव फेरा फिरवावी. अन्यथा ते प्रकाशाकडे झुकते. माती वाळूमिश्रित, निचऱ्याची असावी. वरचा थर सुकल्यावरच पाणी द्यावे. तबकात साचलेल्या पाण्याने मुळे कुजतात. वातानुकूलित खोली या झाडास मानवत नाही. दोन-तीन वर्षांनी कुंडी बदलणे पुरते. पिठ्या ढेकूण व लाल कोळी यांचा उपद्रव झाल्यास पाने पाण्याने धुऊन काढावीत. विक्रेते दाटपणा यावा म्हणून एकाच कुंडीत अनेक रोपे लावतात. ती मोठी झाल्यावर सुटी करू गेल्यास मुळे तुटतात, यास्तव हे काम रोपे लहान असतानाच उरकावे. नाताळात फांद्यांवर फवारलेला चंदेरी रंग पानांचा श्वास कोंडतो. तो टाळणेच इष्ट.

मुंबई, पुणे व गोवा येथे ही रोपे ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून विकली जातात. त्यांपैकी पुष्कळ वास्तविक न्यू कॅलेडोनियातील कुक पाइनची (ॲराउकॅरिया कॉलम्नॅरिस) असतात. कोवळेपणी दोन्ही जवळजवळ सारखीच दिसतात; जमिनीत लावल्यावर कालांतराने कुक पाइन अरुंद, स्तंभासारखा होतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुक पाइनची झाडे विषुववृत्ताच्या दिशेने झुकतात, असे आढळले. भारतात ती त्यामुळे दक्षिणेकडे कललेली असतात.