कपडे वाळविण्याच्या यंत्रांतील तूस

यवतमाळ जिल्ह्यांत कापसाचा हंगाम सुरू झाला, कीं जिनाच्या आवारांत विडी पेटविण्यास सक्त मनाई असते. सरकी वेगळी होतांना रुईचे बारीक तंतू उडून भिंतींवर, तुळयांवर बसतात. एखादा खडा यंत्रांत सांपडून ठिणगी पडली, तर त्या तुसावरून आग पाहतां पाहतां पसरते. ही गोष्ट वणी-पांढरकवड्याच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावी लागत नाहीं. परंतु त्याच कापसाचा सदरा होऊन तो शहरांतील विजेच्या यंत्रांत वाळूं लागला, म्हणजे तेंच तूस तेथेंही सुटतें, याचें स्मरण घरांतील मंडळींना क्वचितच राहतें.

वैशाखांत यवतमाळास अशा यंत्राचें कारणच नाहीं. पारा चाळीस अंशांपलीकडे गेलेला असतां दोरीवरचें धोतर तासाभरांत कडकडीत होतें. अडचण येते ती आषाढ-श्रावणांत. आणि म्हणूनच हें यंत्र आतां कांहीं घरांतून शिरलें आहे. मात्र ‘ड्रायर’ हें नांव इकडे दोन भिन्न वस्तूंना देतात. धुलाई-यंत्राचा जो दुसरा पिंप कपडे गरगर फिरवितो, तो पाणी केवळ झटकून टाकतो. त्यांत उष्णता नसते. खरें वाळविण्याचें यंत्र तापलेली हवा कपड्यांतून खेळवितें. एक लिटर पाण्याची वाफ करावयास विजेच्या हिशेबानें सुमारें ०.६५ युनिट इतकी उष्णता लागते, म्हणून कपडे आधीं नीट झटकून निघाले असल्यास वीज पुष्कळच वांचते.

हवा कपड्यांतून जातांना ओलाव्याबरोबर तूसही नेते. तें अडविण्यासाठीं एक जाळी बसविलेली असते, व साऱ्या देखभालीचें मर्म त्या जाळींत आहे. ती भरली म्हणजे हवेचा ओघ मंदावतो, कपडे वाळण्यास अधिक वेळ लागतो आणि आंतील तापविण्याचा भाग नको तितका तापतो. गंमत अशी, कीं लोक यंत्र जुनें झालें म्हणून कारागिराला बोलावतात, आणि तो येऊन मूठभर तूस काढून देतो! अमेरिकेंत २००८ ते २०१० या काळांत अशा यंत्रांमुळें घरांना दरवर्षीं सुमारें २,९०० आगी लागल्या, आणि सफाईची हयगय हेंच त्यांचें पहिलें कारण ठरलें.

जाळी प्रत्येक खेपेनंतर हातानें पुसून काढावी. कपडे मऊ करण्याचें द्रव वापरणाऱ्या घरांत तिच्यावर न दिसणारा मेणचट थर चढतो. जाळीवर पाणी ओतून पाहावें. तें खालीं न जातां वर थांबलें, तर साबणाच्या कोमट पाण्यानें मऊ ब्रशानें घासून, पूर्ण वाळवून मग बसवावी. दमट हवा बाहेर सोडणारी नळी असल्यास ती धातूची व शक्य तितकी आंखूड असावी, आणि वर्षांतून एकदां तरी साफ करावी. तिच्या बाहेरच्या तोंडाशीं पाखरें घरटीं करतात, तिकडेही लक्ष असावें. कांहीं यंत्रें वाफेचें पाणी करून टांकींत सांठवितात. ती टांकी वेळच्या वेळीं रिकामी करावी. कोणत्याही सफाईपूर्वीं विजेची जोडणी काढून ठेवावी, हें सांगावयास नकोच.

तेलाचे कपडे हा मात्र याहून कठीण विषय. विदर्भांत जवसाच्या तेलाचा वापर जुना आहे. हें तेल हवेंतील प्राणवायूशीं संयोग पावतांना उष्णता निर्माण करतें. उघड्यावर ती निघून जाते. पण तेलकट फडकीं गरम यंत्रांतून निघून तशींच ढिगानें पडलीं, तर आंतल्या आंत उष्णता सांठत जाते, आणि यंत्र बंद होऊन कांहीं तास लोटल्यावरही ढीग पेट घेऊं शकतो. एका धुण्यांत तेल पुरतें निघतेंच असें नाहीं. म्हणून यंत्राची शेवटची थंड हवेची फेरी मध्येंच थांबवूं नये, कपडे काढतांच पसरून ठेवावे; आणि स्वयंपाकघरांतील फडकीं, दिवाळींतील अभ्यंगाचे पंचे हे यंत्रांत न घालतां पडवींतील दोरीवरच टाकावे, मग पावसाळी हवेंत त्यांना दोन दिवस लागले तरी चालतील.